द्राक्षमळ्याचे पाहुणे



मागे एका रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात सहलीचा विषय निघाला. तरुण मंडळींचे म्हणणे पडले की दरवर्षी महाबळेश्वर-पाचगणीच कशाला? यंदा द्राक्षबागा पाहू, आणि जमले तर नाशिककडची एखादी वायनरीही. तिथे वाइन कशी तयार होते ते दाखवतात, चवीलाही देतात. सगळे हसले. एक मावशी मात्र पदर सावरत म्हणाल्या, "जावा पोरांनो. मी काय येणार नाही." कारण कोणी विचारले नाही. दारूने त्यांच्या संसाराचे काय केले हे आपल्यातल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात घोळतो आहे. वायनरी पाहायला जाणे, घोटभर चव घेणे, यात काही चुकीचे आहे का?

पवित्र शास्त्रात दोन्ही बाजू आहेत. जलप्रलयानंतर द्राक्षमळा लावणारा नोहा स्वतःच पिऊन आपल्या तंबूत उघडा पडला. उलट काना गावच्या लग्नात यजमानांची लाज राखण्यासाठी प्रभू येशूने पाण्याचा द्राक्षारस केला. आजही मिस्सासाठी द्राक्षांपासूनच केलेला, भेसळ नसलेला द्राक्षारस लागतो, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. तेव्हा द्राक्षारस मुळातच वाईट, असे आपल्याला म्हणता येत नाही. पण प्रत्येक पेल्यामागे एक माणूस उभा असतो आणि पेल्यापुढे दुसरा. पाहुणा म्हणून जाणाऱ्याला हे दोघेही सहसा दिसत नाहीत.

पहिला माणूस पिकवणारा. त्याला पाहण्यासाठी नाशिकला जायची गरज नाही. कऱ्हाडहून पलूस-तासगावकडे निघालो की तो भेटतो. ऑक्टोबरच्या सुमारास छाटणी झाली की पुढचे चार महिने त्याला झोप नसते. दावण्या आणि भुरी या रोगांसाठी फवारण्या सुरू होतात. विरळणीच्या वेळी बाया मांडवाखाली हात वर करून दिवसभर उभ्या असतात. एवढे करूनही २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरसारखा अवकाळी पाऊस आला की घड बागेतच कुजतात. उरलेल्या मालाचा बेदाणा करावा, तर साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण भाव मात्र सौद्यातच ठरतो.

वाइनची आशाही आपल्या भागाने पाहिली आहे. राज्य सरकारने २००१ साली द्राक्षप्रक्रियेचे धोरण आणले आणि त्यानुसार नाशिक जिल्ह्यात विंचूरला व सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क उभे राहिले. वाइनची द्राक्षे वेगळ्या जातीची असतात. बारीक, बियांची, खाण्याच्या बाजारात त्यांना गिऱ्हाईक नसते. २००८-०९ च्या मंदीत वाइनचा खप घसरला, खरेदी थांबली आणि राज्यात अनेक शेतकऱ्यांनी या बागा स्वतःच्या हाताने काढून टाकल्या. काचेचा पेला हातात घेऊन वास घेणाऱ्या पाहुण्याला हे कोण सांगणार? मळ्याच्या धन्याने संध्याकाळी आलेल्या मजुरालाही पूर्ण दिवसाची मजुरी दिली, हा दाखला आपण ऐकतो. मग मळा पाहायला गेल्यावर मजुरी किती मिळते, हे विचारायला आपल्याला संकोच का वाटावा?

दुसरा माणूस म्हणजे आपल्या मावशी. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. द्राक्षउत्पादकाचे भले होईल, हे कारण सांगितले गेले. त्याला तीव्र विरोध झाला. घरे उद्ध्वस्त होतील, असे विरोधक म्हणाले. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. एकाचे पोट आणि दुसऱ्याचे घर, दोन्ही खरे आहेत. म्हणूनच असा प्रश्न घोषणांनी सुटत नाही.

मला वाट दिसली ती वेदीवरच. दारूचा थेंबही चालत नाही अशा धर्मगुरूला, बिशपांच्या परवानगीने, मिस्सात 'मस्टम' म्हणजे जवळजवळ न आंबलेला द्राक्षरस वापरता येतो. रोमने २००३ सालच्या पत्रात हे पुन्हा स्पष्ट केले आहे. विचार करा. ख्रिस्तसभेने द्राक्षारस सोडला नाही आणि त्या धर्मगुरूलाही सोडले नाही. त्याच्यासाठी वेदीवर जागा केली. संत पौलानेही रोमकरांना हेच समजावले की आपल्या खाण्यापिण्याने भाऊ अडखळणार असेल, तर आपण आवरते घ्यावे. त्या खाण्यापिण्यात दोष नसला तरीही.

वयात आलेल्या, स्वतःवर ताबा असलेल्या माणसाने कुटुंबासह वायनरी पाहिली तर मी त्याला दोष देणार नाही. त्याने कायदा पाळावा. वाइनसाठीही आपल्या राज्यात वयाची अट २१ वर्षांची आहे. परंतु धर्मग्रामाची सहल ही सगळ्यांची असते. ज्या सहलीत एका मावशीला घरी बसावे लागते, तिला धर्मग्रामाची सहल कसे म्हणावे?

माझी सूचना अशी. फेब्रुवारीत द्राक्षे उतरू लागतात, तेव्हा तासगावकडे जाऊ. बाग पाहू, बेदाण्याची शेड पाहू, मालकाशी बोलू आणि मजुरांशीही बोलू. येताना थोडा बेदाणा घेऊ, घासाघीस न करता. वाइनची चव त्या दिवशी राहू दे. नंतरच्या रविवारी धर्मगुरू चषक उंचावतील, तेव्हा त्यात काय काय आहे हे आपल्याला जरा अधिक कळेल.

आणि मावशींना आमंत्रण द्यायला आपल्यातल्या कोणीतरी त्यांच्या घरी जावे. निरोप धाडू नये.