रीळ घरचे, किनारा सगळ्यांचा

उरण तालुक्यातला शेवा कोळीवाडा आज त्याच्या जुन्या जागी नाही. न्हावा-शेवा बंदरासाठी तिथली वस्ती उठली आणि १९८९ मध्ये बंदर सुरू झाले. त्याच्या पाच वर्षे आधी, जानेवारी १९८४ मध्ये, सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या लढ्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. २०२० पासून मांडव्याला रो-रो बोट मोटारी घेऊन येऊ लागली. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी आणि न्हावा यांना जोडणारा अटल सेतू खुला झाला. या सगळ्या बदलाची कागदपत्रे आहेत, अधिसूचना आहेत, न्यायालयाचे निवाडे आहेत, थोडीफार छायाचित्रेही आहेत. पण त्याआधीचा किनारा चालताबोलता नाही तरी निदान नुसता चालता पाहायचा असेल, तर कुठे जायचे? भरतीच्या वेळी मिठागरात शिरणारे पाणी, रेवसच्या धक्क्यावर लाँचमधून उतरणारी माणसे, ओहोटी साधून कुलाब्याच्या किल्ल्याकडे निघालेली घोडागाडी, नागावच्या वाडीतला रहाट, चौलच्या दत्ताच्या यात्रेतली गर्दी हे कुठे दिसेल?

सरकारी वृत्तपटांचा कॅमेरा उद्‌घाटनांच्या मागे होता. चित्रपटसृष्टीला किनारा हवा असे तो एखाद्या गाण्यापुरता. उरतो तो हौशी माणसाचा कॅमेरा. आठ, साडेनऊ किंवा सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर घरच्या घरी घेतलेली, घरच्यांनाच दाखवलेली आणि मग माळ्यावर किंवा लोखंडी ट्रंकेत गेलेली रिळे. माझे म्हणणे असे की ही रिळे म्हणजे किनाऱ्याचे दफ्तर आहे आणि ती शोधून, ओळख पटवून, सर्वांना पाहता येतील अशी करणे हे इतिहासाचे काम आहे. मात्र ती इंटरनेटवर चढवली की काम संपले, असे मानणे ही फसगत आहे.

पॅथे कंपनीने साडेनऊ मिलिमीटरची फिल्म १९२२ मध्ये आणली, कोडॅकने सोळाची १९२३ मध्ये, आठची १९३२ मध्ये आणि सुपर एट १९६५ मध्ये. मुंबईत १९३७ मध्येच हौशी चित्रणकारांची ‘अ‍ॅमॅच्युअर सिने सोसायटी’ निघाली होती. मुंबईत जे येई ते भाऊच्या धक्क्यावरून खाडी ओलांडून अलीकडे यायला वेळ लागत नसे. म्हणून रायगडच्या किनाऱ्याची रिळे शोधायची तर तीन दिशांनी शोधावी लागतील. एक, किहीम-अलिबागकडे सुट्टी घालवायला येणारी मुंबईची सुखवस्तू घराणी. दोन, मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन भागातली जहाजावर किंवा आखातात नोकरी केलेली कुटुंबे. आणि तीन, इथून इस्रायलला गेलेले बेने इस्रायली ज्यू, ज्यांची नावे आजही किहीमकर, दिवेकर, पेणकर अशी गावांवरून चालतात आणि ज्यांचे नातलग नवगावची दफनभूमी किंवा अलिबाग-रेवदंड्याची सिनेगॉग पाहायला पुन्हा पुन्हा येत राहिले.

या रिळांबद्दलची एक तांत्रिक गोष्ट नीट समजली की पुढचा सगळा युक्तिवाद सोपा होतो. चित्रपटगृहात दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटाची निगेटिव्ह असते आणि तिच्यावरून कितीही प्रती निघतात. घरगुती फिल्म बहुतेक वेळा रिव्हर्सल जातीची असे. कॅमेऱ्यातून जी पट्टी फिरली तीच धुऊन प्रोजेक्टरवर चढवायची. निगेटिव्ह नाही, प्रत नाही. जगात तेवढी एकच. सुपर एटच्या एका काडतुसात पन्नास फूट फिल्म, म्हणजे सेकंदाला अठरा चित्रांच्या वेगाने जेमतेम तीन मिनिटे वीस सेकंद. एवढ्यात लग्न, सहल, बारसे काय ते आटपायचे. म्हणून हौशी चित्रणकार हात राखून चित्रण करी, आणि त्याने जे घेतले ते त्याला खरोखर महत्त्वाचे वाटलेले असे. ते इतरांत वाटणे म्हणजे भिंतीवर चादर लावून चार शेजाऱ्यांना दाखवणे. त्यातही दर खेळागणिक त्या एकुलत्या एका पट्टीवर नवे ओरखडे उठत.

आणि कोकणची हवा त्या पट्टीची वैरीण. अ‍ॅसिटेटची फिल्म उष्णता आणि दमटपणा यांनी कुजते. कुजताना अ‍ॅसेटिक आम्ल सुटते, डब्यातून व्हिनेगरचा वास येतो, पट्टी आक्रसते, वेडीवाकडी होते. एकदा ही क्रिया सुरू झाली की ती थांबवता येत नाही, थंड आणि कोरड्या जागेत फक्त मंदावता येते. बुरशीचे वेगळेच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या घरांची कौले आणि पत्रे उडवले, तेव्हा माळ्यावरचे सगळेच भिजले. नारळी-पोफळीच्या नुकसानीचे पंचनामे झाले. ट्रंकेतल्या रिळांचा पंचनामा कोण करणार?

आता या चित्राशेजारी दुसरे चित्र ठेवून पाहा. केंब्रिज विद्यापीठाचे दक्षिण आशिया अभ्यास केंद्र १९६४ मध्ये सुरू झाले. हिंदुस्थानात नोकरी केलेल्या इंग्रज कुटुंबांकडून या केंद्राने त्यांच्या घरगुती फिल्म गोळा केल्या, जतन केल्या, आणि आज त्या कोणालाही घरबसल्या पाहता येतात. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही १९६४ चेच. पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने ते जिद्दीने उभे केले. पण त्या काळी चित्रपटगृहातले चित्रपटच भराभर नष्ट होत होते आणि आधी त्यांनाच वाचवणे भाग होते. घरगुती रिळे मागे राहिली. परिणाम असा की विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला हिंदुस्थान हलत्या चित्रांत पाहू इच्छिणाऱ्या अभ्यासकाला आधी सापडतो तो साहेबाच्या डोळ्यांनी पाहिलेला हिंदुस्थान. पोलो, शिकार, बंगल्याची हिरवळ आणि कडेने चालणारे नोकरचाकर. साहेबांनी आपली रिळे जपली यात त्यांचा दोष नाही. पण जे ऑनलाइन सापडते तेच घडले होते असे मानायची सवय आता विद्यार्थ्यांपासून पत्रकारांपर्यंत सर्वांना लागली आहे. आपली रिळे ट्रंकेत राहिली तर उद्याच्या इतिहासात आपण कडेने चालणारेच राहू.

शोधणे आणि वाटणे यांतून काय हाती लागते याचे एक उदाहरण पोलंडचे आहे. अमेरिकेत स्थायिक झालेला डेव्हिड कुर्ट्झ हा गृहस्थ १९३८ मध्ये युरोपच्या सहलीत आपल्या जन्मगावी, नाशेल्स्कला, गेला आणि सोळा मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने तीनेक मिनिटांचे चित्रण करून आला. पुढच्या काही वर्षांत त्या गावातले बहुतेक ज्यू मारले गेले. २००९ मध्ये नातू ग्लेन कुर्ट्झ यांना ते रीळ घरात सापडले, अगदी कुजण्याच्या बेतात आलेले. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाने ते वाचवून इंटरनेटवर ठेवले आणि ते पाहताना एका स्त्रीने गर्दीतल्या एका मुलाला ओळखले: ते तिचे आजोबा होते आणि हयात होते. त्या आजोबांनी मग इतरांची नावे सांगितली. ‘थ्री मिनिट्स: अ लेंग्थनिंग’ हा माहितीपट त्यावरच उभा आहे. रीळ वाचवले संग्रहालयाने, पण बोलते केले ते ओळखणाऱ्या माणसाने.

रायगडच्या ज्यूंच्या वाट्याला सुदैवाने तसला संहार आला नाही. ते आपल्या मर्जीने गेले आणि जाताना मराठी बरोबर नेली. पण विखुरले तेही. सागावच्या एलिया हानाबीच्या टप्प्यावर, म्हणजे त्यांच्या श्रद्धास्थानी, आलेल्या कुटुंबाचे एखादे रीळ आज इस्रायलमधल्या एखाद्या घरात असेल, तर त्यातला रस्ता, विहीर, बैलगाडीवाला ओळखणारा माणूस अलिबाग तालुक्यात आहे आणि रीळ पाहणारा तिकडे. ही दोन टोके जोडणे हेच ऑनलाइन वाटण्याचे खरे सामर्थ्य आहे.

मात्र त्यासाठी रीळ आधी सापडले पाहिजे आणि तिथे पहिली अडचण नावांची. १९८१ पर्यंत हा जिल्हा कुलाबा होता. इंग्रजीत ‘कोलाबा’ म्हणून शोधले की मुंबईच्या दक्षिण टोकाचे हॉटेल आणि कॉजवे समोर येतात. चौल आणि अलिबाग यांची इंग्रजी स्पेलिंगे दोन-तीन तऱ्हेची. घरातल्या डब्यावर तर फक्त ‘सहल’ किंवा ‘बीच’ एवढेच. म्हणून रीळ चढवणाऱ्याने गावाचे आजचे नाव, जुने नाव, मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिपींत, अंदाजे वर्ष, ऋतू, चित्रण कोणी केले आणि रीळ कोणाच्या घरून आले एवढे लिहिले नाही, तर ते ट्रंकेतून निघून आणखी मोठ्या ट्रंकेत पडले, एवढेच म्हणायचे.

नावाविना वाटण्याचे काय होते हे आपण डोळ्यांदेखत पाहतो आहोत. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत निघालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अंत्ययात्रेचे चित्रण नामदेवराव व्हटकर यांनी स्वतःच्या हिमतीवर केले. आज दर सहा डिसेंबरला त्या अंत्ययात्रेची दृश्ये मोबाइलवरून मोबाइलवर फिरतात. पाहताना डोळे पाणावतात. पण कॅमेऱ्यामागच्या माणसाचे नाव पाहणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते? एवढ्या मोठ्या प्रसंगाची ही गत, तर मुरूडच्या नारळी पौर्णिमेच्या रिळाचे काय होईल?

दुसरा घोटाळा वेगाचा. सेकंदाला सोळा किंवा अठरा चित्रांनी घेतलेले रीळ पंचवीसच्या वेगाने दाखवले की माणसे दुडुदुडू धावू लागतात. जाळे ओढणारा कोळी विनोदी पात्र वाटतो. घाईत पट्टी उलटी बसली तर किनाऱ्याच्या डावीकडचा किल्ला उजवीकडे जातो. वर एखादे जुने चित्रपटगीत चिकटवले की हक्काच्या तक्रारीवरून व्हिडिओच गायब होण्याची भीती. भिंतीवर प्रोजेक्टर चालवून मोबाइलने टिपण्यापेक्षा चित्रागणिक स्कॅन करून घेणे महाग पडते, हे खरे. पण आठ मिलिमीटरच्या पट्टीवरचे एक चित्र जेमतेम पावणेपाच मिलिमीटर रुंद असते. त्यातला तपशील एकदाच नीट उतरवून घेतलेला बरा.

रिळे जपण्याच्या या साऱ्या म्हणण्याला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येत नाही. कॅमेरा कोणाच्या हातात होता? बंगलेवाल्यांच्या, पैसेवाल्यांच्या. आगरी, कोळी, कातकरी माणसाकडे तो नव्हता. मग पैसेवाल्यांच्या सहली जपून किनाऱ्याचा इतिहास कसा होणार? आक्षेप बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. चित्रणकाराने आपली बायकामुले चौकटीच्या मध्यावर घेतली. पण त्यांच्या मागे यंत्रे येण्याआधीची शिडाची होडी होती, बोंबील वाळत घातलेल्या काठ्या होत्या, पाटी डोक्यावर घेऊन चाललेली बाई होती. त्याने जे सहज घेतले तेच आज मोलाचे आहे. शिवाय छोटा कॅमेरा नेहमी सहलीलाच गेला असेही नाही. माहितीपटकार आनंद पटवर्धनांनी १९७४ मध्ये बिहारच्या आंदोलनाचे चित्रण केले तेव्हा सुपर एटवर घेतलेली दृश्ये पडद्यावर दाखवून ती पुन्हा सोळाच्या कॅमेऱ्याने टिपली होती, आणि आणीबाणीत त्या फिल्मचे तुकडे करून ते देशाबाहेर पाठवावे लागले होते. साधन तेच, ते कशाकडे वळवायचे हे हात ठरवतो.

मात्र या आक्षेपातून एक जबाबदारी निघते. पाटीवाल्या बाईला कोणी विचारले नव्हते. तिचे चित्र जगाला दाखवण्याआधी ते तिच्या गावाला दाखवले पाहिजे. एखाद्या संध्याकाळी कोळीवाड्यात, देवळाच्या किंवा मशिदीच्या आवारात, शाळेच्या सभागृहात ते दाखवावे, म्हातारी माणसे जे बोलतील ते ध्वनिमुद्रित करावे, नावे लिहून घ्यावीत. कोणी म्हणाले की हे बाहेर नको, तर ते बाहेर जाऊ नये. कायद्याने चित्रणाचा हक्क ते करणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा असेल. चेहऱ्याचा मान मात्र चेहरेवाल्याचा. मूक रिळाला आवाज मिळेल तो इथेच, आणि तो आवाज देणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे.

म्हणून वाचकांना साधी विनंती. घरात रीळ असेल तर आधी डबा उघडून वास घ्या. आंबट वास आला तर ते रीळ इतरांपासून वेगळे, कोरड्या आणि थंड जागी ठेवा. जुन्या प्रोजेक्टरवर चढवून पाहण्याचा मोह आवरा; ताठरलेली पट्टी त्यात फाटते. कोडाक्रोम या रंगीत फिल्मचे न धुतलेले रीळ सापडले तर रंगांची आशा सोडा, कारण ते धुणाऱ्या अमेरिकेतल्या शेवटच्या प्रयोगशाळेनेही २०१० च्या अखेरीस ते घेणे बंद केले; पण फेकू नका, काळे-पांढरे चित्र अजून मिळू शकते. स्कॅन करून घेतल्यावरही मूळ रीळ टाकू नका, कारण आजची फाइल उघडणारे यंत्र तीस वर्षांनी असेल याची हमी नाही आणि पट्टी मात्र उजेडासमोर धरली तरी दिसते. डब्यावर गाव, वर्ष आणि माणसांची नावे आजच लिहा. आणि अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, उरणच्या वाचनालयांनी व महाविद्यालयांनी वर्षातून एक दिवस लोकांना आपली रिळे घेऊन बोलवावे. परदेशांत ‘होम मूव्ही डे’ २००३ पासून पाळला जातो. त्याला लागतो एक जाणकार, एक वही आणि एक पडदा. सरकारी योजनेची वाट पाहण्याइतका वेळ अ‍ॅसिटेटच्या फिल्मकडे नाही.