सुलह : सोडायचे ते कोणाचे?

वडिलांच्या पश्चात घराची वाटणी अडते, दावा दाखल होतो, तारखांवर तारखा पडतात आणि एक दिवस लोकअदालतीची नोटीस येते. घरात तयारी सुरू होते. कागद गोळा होतात, किती मागितले म्हणजे किती पदरात पडेल याचा अंदाज बांधला जातो. आपल्या समाजात सुलह ही नेकी मानली जाते आणि ते योग्यच आहे. पण बोलणीला बसण्याआधी प्रत्येकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा, असे आम्हांला वाटते : जे सोडायला निघालो आहोत, ते आपले आहे का?

साधे उदाहरण घेऊ. घराची किंमत 40 लाख. मागे आई, दोन मुलगे, एक मुलगी. कर्ज नाही, वसीयत नाही. फराईजप्रमाणे आईला आठवा हिस्सा, म्हणजे 5 लाख. उरलेल्या 35 लाखांत भावांचे 14-14 आणि बहिणीचे 7. भाऊ म्हणतात, ‘आपा मोठ्या मनाची आहे, सोडून देईल.’ आपाही मान हलवते. पण हा 7 चा आकडा तिला कोणी सांगितला होता का? जो हक माहीतच नाही, तो माफ कसा करणार? आकडा ऐकून, चार दिवस विचार करून ती ‘राहू द्या’ म्हणाली, तर ते देणे. माहेर तुटेल या भीतीने केलेली सही म्हणजे देणे नव्हे.

वारसांत अज्ञान मूल असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार त्याच्या वतीने तडजोड करायला न्यायालयाची परवानगी लागते. चाचा कितीही भला असो, पुतण्याचा वाटा त्याच्याकडे अमानत आहे. अमानतीतून दिलदारी दाखवता येत नाही.

हा विचार आधीच व्हायला हवा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही.

कोणी म्हणेल, भावाबहिणींत एवढा हिशेब कशाला? आम्ही म्हणतो, हिशेब झाल्यावरच मन मोठे करता येते. हिशेबाआधी जे सुटते, ते दिलेले नसते, कोणी तरी उचललेले असते.

खरोखर आपले असते ते वेगळेच : रस्त्याकडच्या खोलीचा हट्ट, ‘आधी त्याने माफी मागावी’ ही अट. ते सोडायला ना वकील लागतो, ना न्यायालयाची परवानगी. आणि नेमके तेच आपण शेवटपर्यंत मुठीत धरून बसतो.