दोन तासांतले एक मिनिट

वारकरी कीर्तन साधारण दोन तास चालते. एक अभंग घेतला जातो, त्याच्या चरणांवर चिंतन होते, संतवचनांची प्रमाणे दिली जातात, टाळकरी चाल धरतात आणि मधूनमधून दृष्टांत येतो. दृष्टांत असतो तो सिद्धांत पटवण्यासाठी. सासू-सुनेचा, सरपंचाचा, ट्रॅक्टरच्या हप्त्याचा विनोद याच वाटेने कीर्तनात शिरतो. मोबाइलवर फिरणारी क्लिप मात्र नेमका दृष्टांत उचलते आणि सिद्धांत मंडपातच राहतो.

कुंडलिका नदीच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवीन जालना. मराठवाड्यात इतरत्र होते तसेच येथेही सप्ताहाच्या मंडपात विणेकऱ्याबरोबर आता तिपाईवरचा कॅमेरा उभा असतो. याच जिल्ह्यातल्या जांब येथे १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोध श्रोता-वक्ता संवादाच्या घाटात रचला आणि त्यात कीर्तनभक्तीला स्वतंत्र समास दिला. कीर्तनकाराने तुकड्यांसाठी कीर्तन घडवावे का, हा आजचा पेच मांडायला तोच घाट सोयीचा आहे. येथे श्रोता म्हणजे कॅमेरा चालवणारा तरुण आणि वक्ता म्हणजे कीर्तनकार, दोघेही कल्पित.

श्रोता : महाराज, मंडपात माणसं तीनशे. क्लिप टाकली की तुमचा शब्द मंठ्यापासून मुंबईपर्यंत जातो. हा नामाचा प्रसारच ना?

वक्ता : नामाचा झाला तर उत्तमच. पण पोरा, तुझ्या क्लिपमध्ये नाम कुठंय? सासू आहे, सून आहे.

श्रोता : हशा तर मंडपातही तिथंच पिकतो.

वक्ता : हशा पिकला की मी अभंगावर परत येतो. तुझी क्लिप परत येत नाही.

येथे कोणती क्लिप कुणापुढे ठेवायची हे ठरवणाऱ्या यंत्राची रीत पाहिली पाहिजे. यूट्यूबने २०१२ साली शिफारशी ठरवताना नुसत्या क्लिकऐवजी पाहण्याच्या वेळेला वजन द्यायला सुरुवात केली. लोक यूट्यूबवर जो वेळ घालवतात त्यातला ७० टक्क्यांहून अधिक या शिफारशींमुळे जातो, असे कंपनीचे तेव्हाचे अधिकारी नील मोहन यांनी जानेवारी २०१८ मध्ये सांगितले. त्याच महिन्यात जाहिरातींच्या उत्पन्नासाठी १,००० सदस्य आणि १२ महिन्यांत ४,००० तास पाहिले जाणे, ही अट जाहीर झाली. पुढे २९ जून २०२० रोजी भारताने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. मोकळ्या झालेल्या जागेत जुलैत इन्स्टाग्रामचे रील्स आणि सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स आले. शॉर्ट्सची मर्यादा आधी ६० सेकंद होती, ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटे झाली. तेवढ्यात कीर्तनातले नमनही उरकत नाही.

यंत्राला सासूचे प्रेम नाही आणि अभंगाशी वैरही नाही. अंगठा कुठे थांबला आणि कुठे सरकला, यावर त्याचा हिशेब चालतो. मंडपातला माणूस कंटाळला तरी शेजाऱ्याच्या लाजेने, विण्याचा मान म्हणून बसून राहतो आणि कित्येकदा कंटाळा सरल्यावरच त्याला चरणाचा अर्थ लागतो. ही बैठक कीर्तनाच्या रचनेतच धरलेली आहे. फोनवर ती नाही.

श्रोता : पण जुने महाराजही श्रोते बघूनच बोलायचे ना? सोयाबीनचा भाव पडला की त्याचा दृष्टांत.

वक्ता : बोलायचे. पण ते श्रोते डोळ्यांसमोर असायचे. समोरच्याच्या घरी मयत झालीय हे ठाऊक असलं की ओठावरचा विनोद गिळावा लागायचा. तुझी क्लिप कुणाच्या घरी वाजते, मला काय ठाऊक?

श्रोता : मी कॅमेरा बंद केला तरी मंडपातले पन्नास मोबाइल थांबतील का? आणि सप्ताहाची मंडळी आता तारीख घ्यायच्या आधी क्लिपच बघतात.

श्रोत्याचा हा मुद्दा सर्वांत बळकट आहे. कीर्तनकाराने नकार दिला तरी तुकडे होणारच. फक्त ते दुसऱ्याच्या हातचे असतील. शिवाय कॅमेऱ्याची एक बाजू न्याय्यही आहे. निवृत्ती महाराज इंदुरीकर यांच्या कीर्तनातल्या पुत्रप्राप्तीविषयीच्या विधानावरून फेब्रुवारी २०२० मध्ये वाद उठला आणि त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. मंडपाच्या हशात वाहून गेले असते अशा बोलण्याचा जाब चित्रफितीमुळे विचारता आला. नारदाच्या गादीलाही तो विचारला गेला, हे बरेच झाले.

वक्ता : ते कबूल. माझी भीती वेगळी आहे. हल्ली बोलता बोलताच मला कळतं की हे वाक्य कापलं जाणार. मग मी ते जरा ठासून म्हणतो, पुढं थांबतो, तुझ्या कात्रीला जागा करून देतो.

श्रोता : मी तर तसं कधी सांगितलं नाही.

वक्ता : तेच तर. कुणीच सांगितलं नाही.

पेचाचे मूळ येथे आहे. कात्री यंत्राची असो की तरुणाची, तिच्या आधी बोलणाऱ्याचे मन तुकड्यांत विचार करू लागते आणि दोन तासांची वीण तिथेच उसवते.

श्रोता : मग करू काय, महाराज?

वक्ता : दृष्टांताच्या आधीचा चरण आणि नंतरचं प्रमाण सोडून कापायचं नाही.

श्रोता : बघणारे कमी होतील.

वक्ता : होऊ देत.

असा तुकडा तीन मिनिटांत कसाबसा बसतो आणि हशाला उशीर होतो. तरीही कीर्तनाचा तुकडा म्हणवून घ्यायचा हक्क त्यालाच आहे; बाकीचे चुटके आहेत.