प्रश्नाला मुभा देणारे

सातपुड्याच्या पायथ्याच्या म्हसावदमध्ये, कोणत्याही मोकळ्या शिवारातून एक प्रयोग करता येतो. शुद्ध अष्टमीच्या सुमारास दिवस मावळायला आला की सूर्य पश्चिमेला टेकलेला असतो आणि अर्धा चंद्र दक्षिणेला उंच चढलेला असतो. चंद्र नेमका अर्धा उजळला म्हणजे सूर्य, चंद्र आणि आपण मिळून एक काटकोन त्रिकोण होतो, काटकोन चंद्रापाशी. मग सूर्य आणि चंद्र यांच्यातला आपल्यापाशी होणारा कोन मोजला, की सूर्य चंद्राच्या किती पट लांब आहे ते काढता येते.

इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात सामोसच्या अरिस्टार्कसने हाच विचार मांडला. त्याने कोन ८७ अंश धरला आणि सूर्य १८ ते २० पट दूर ठरवला. खरा कोन जवळजवळ ९० अंश आहे आणि अंतर सुमारे ३९० पट. माप चुकले, भूमिती बिनचूक होती. त्या चुकीच्या मापानेही सूर्य पृथ्वीहून कितीतरी मोठा निघाला. मग मोठ्याने लहानाभोवती का फिरावे, हा प्रश्न उभा राहतोच. सूर्य स्थिर आणि पृथ्वी त्याच्याभोवती फिरते, हे अरिस्टार्कसचे गृहीतक आर्किमिडीजने नोंदवून ठेवले आहे.

सगळ्यांच्या डोळ्यांना दिसते त्याच्या उलट बोलायची हिंमत कुठून येते? प्राचीन नोंदी अरिस्टार्कसला लॅम्प्साकसच्या स्ट्रेटोचा शिष्य म्हणतात. हा स्ट्रेटो अॅरिस्टॉटलने अथेन्समध्ये काढलेल्या लायसियमचा तिसरा प्रमुख. निसर्गातल्या घडामोडींची कारणे निसर्गातच शोधावीत, त्यासाठी देवांना वेठीस धरू नये, असे तो मानत असे. त्याची विचार करायची रीत पाहा. पावसात छपरावरून उंचावरून पडणारी धार वर सलग दिसते, खाली येता येता तुटते आणि तिचे थेंब होतात. यावरून त्याने ताडले की पडणाऱ्या वस्तूचा वेग वाढत जातो. आपल्या पन्हळीखाली दर आषाढात हेच घडते. स्ट्रेटोने ते पुरावा म्हणून पाहिले.

सूर्यकेंद्री विश्वाची कल्पना अरिस्टार्कसचीच. गुरूकडून मिळाली ती पाहण्याची आणि प्रश्न नेटाने शेवटापर्यंत नेण्याची शिस्त. तत्त्वज्ञाने ज्योतिर्विदाला द्यायची गोष्ट हीच, असे मला वाटते.

त्याच काळात दुसरा एक तत्त्वज्ञ होता. स्टोइक पंथाचा प्रमुख क्लिअँथिस. विश्वाची चूल, म्हणजे पृथ्वी, जागची हलवली म्हणून अरिस्टार्कसवर ग्रीकांनी अधर्माचा खटला भरावा, असे त्याचे मत असल्याचे प्लुटार्क सांगतो. विश्वाच्या रचनेला त्याने पवित्र मानले, आणि पवित्र ठरलेल्या गोष्टीला धक्का लागला की विचारवंतही फौजदार होतो. पुढे सेल्युकियाच्या सेल्युकसचा अपवाद सोडला, तर प्राचीन जगात ही कल्पना फारशी कोणी उचलून धरली नाही.

आपल्या खानदेशात तत्त्वज्ञ आणि ज्योतिर्विद यांचा हाच संबंध वेगळ्या रूपात भेटतो. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहिला. पृथ्वी स्थिर आहे असेच ते मानत. पण ती कशावर तरी टेकलेली आहे या पुराणकल्पनेला त्यांनी तर्काने उत्तर दिले. पृथ्वीला आधार हवा, तर त्या आधाराला दुसरा, त्याला तिसरा, असे संपणारच नाही. शेवटचा आधार स्वतःच्या शक्तीने उभा आहे असे म्हणायचे, तर ती शक्ती आधी पृथ्वीचीच का मानू नये? येथे गणिती स्वतःच तत्त्वज्ञ झाला आहे. आणि या विचाराला घर मिळाले. त्यांचा नातू चांगदेव याने भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्याला निकुंभ घराण्यातील सोइदेवाने १२०७ च्या सुमारास दान दिल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्यात आहे. त्यातला काही भाग जुन्या मराठीत आहे.

अरिस्टार्कसला गुरू मिळाला, पण परंपरा मिळाली नाही. भास्कराचार्यांना परंपरा मिळाली. पण तिने त्यांची उत्तरे जपताना त्यांची प्रश्न विचारण्याची धार तितक्याच जोमाने पुढे नेली का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा. ग्रंथ जपणे आणि शंका जपणे ही दोन्ही कामे शिक्षणाची आहेत. ग्रहणात घरात का बसायचे, असे एखादी मुलगी वर्गात विचारते, तेव्हा तिच्यासमोरच्या शिक्षकाला ठरवावे लागते की आपण स्ट्रेटो व्हायचे की क्लिअँथिस. त्याने तिला गप्प न करता बाहेर नेऊन, डोळे जपून ग्रहण दाखवावे; या देशाला आज सर्वांत जास्त गरज अशाच शिक्षकांची आहे.