शेजारच्या शेताचं सुख

शहरात आश्विन महिना आला की आपण ऑक्टोबरच्या उकाड्याबद्दल बोलतो. कल्याणहून एसटीने मुरबाडकडे निघालं किंवा कसारा लोकलने खडवली-वासिंदच्या पुढे गेलं, की तोच महिना निराळा दिसतो. ऊन तिथेही कडकच असतं. पण त्या उन्हात भात पिकत असतं. पाऊस माघारी वळलेला असतो. पहाटे गवतावर दव पडायला लागतं. बांधावर कुर्डू फुललेला असतो आणि शेपूट वरखाली हलवत परीट पक्षी ओल्या जागी फिरू लागतात. हळवं भात दसऱ्याच्या सुमारास कापणीला येतं, गरवं दिवाळीच्या पुढेमागे. ठाण्या-डोंबिवलीत सगळी नोकरी करून निवृत्त झाल्यावर या बाजूला लहानसं घर घेऊन राहणारी मंडळी आहेत. दिवस कसा जातो, असं त्यांना विचारलं की ते सांगतात, सकाळी उठून बांधाबांधाने एक फेरी मारतो. बाकीचा दिवस मग आपोआप चांगला जातो.

या फेरीतली एक गोष्ट मला फार आवडते. ज्या भाताकडे हे काका-काकू रोज मायेने पाहतात, ते त्यांचं नसतं. त्यांच्या अंगणात फार तर कढीपत्ता, जास्वंद आणि एखादं पपईचं झाड. शेत शेजाऱ्याचं. तरीही लोंबी कधी बाहेर पडली, दाण्यात दूध कधी भरलं, हिरव्यावर पिवळी झाक कोणत्या कोपऱ्यातून चढायला लागली, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. परतीचा पाऊस अडून बसला तर काळजीही त्यांच्या वाट्याला येते. कापलेलं भात वाळायला शेतातच पसरलेलं असतं आणि दुपारी डोंगराच्या बाजूने ढग चढतात. अशा वेळी काका चहा अर्धा टाकून भारे उचलू लागायला जातात. पुढे खळ्यावर झोडणी झाली की शेजारीण नव्या भाताचे पोहे आणून देते. काकू त्यात ओलं खोबरं आणि गूळ घालतात, आणि त्यातलेच थोडे परत शेजारी जातात. दुसऱ्याच्या शेतातलं पीक असं दोन घरांचं होतं.

नोकरीच्या वयात हे जरा अवघड असतं. तेव्हा आपलं लक्ष आपल्या खात्यात काय आलं याकडे असतं. बढती कुणाला मिळाली, कुणाच्या मुलाला कुठे प्रवेश मिळाला, शेजारच्या सोसायटीत भाव काय निघाला. दुसऱ्याचं चांगलं झालेलं ऐकून आपण खूश होतोच. पण मनातला हिशेब त्या खुशीला पुरतं बसू देत नाही. 58 किंवा 60 व्या वर्षी कचेरी सुटते, हिशेब सैल होतो आणि शेजारच्या शेतावर जीव लावायला मन मोकळं होतं. मात्र त्यासाठी तेवढी वर्षं थांबायची गरज नाही. आपल्या रीतीभातींत हे आधीपासून आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ठाणे, डोंबिवली, कल्याण स्टेशनाबाहेर आसपासच्या पाड्यांवरच्या बायका झेंडू, आंब्याची पानं आणि भाताच्या लोंब्या घेऊन बसतात. आपण त्याचं तोरण करून सातव्या मजल्यावरच्या दाराला लावतो. आपल्या नावावर गुंठाभर जमीन नसते. ती लोंबी कुणाच्या शेतातली, हेही माहीत नसतं. तरी ती दारावर आली की घराला सण आल्यासारखं वाटतं. कोकणात आश्विनातल्या पौर्णिमेला नवान्न पौर्णिमा म्हणतात. आपण त्याच रात्री गच्चीवर आटीव दूध पितो आणि गावात नव्या अन्नाचा मान होत असतो. कुणाच्या तरी शेतात पिकलं, याचा आनंद सगळ्यांनी करायचा, ही समज या सणांत मुरलेली आहे.

म्हणून आजपासून एक छोटी सवय लावून पाहू या. निवृत्त काका जसे बांधावर जाऊन भात कुठवर आलं ते पाहतात, तसं आज एका माणसाच्या पिकाची चौकशी करायची. गाडीतल्या मैत्रिणीने सुरू केलेला शिवणाचा क्लास, कचेरीतल्या तरुण सहकाऱ्याची परीक्षा, सोसायटीतल्या रखवालदाराच्या मुलीची शाळा, यांतलं काहीही. "कसं चाललंय?" एवढं विचारायचं आणि उत्तर पूर्ण ऐकायचं. मध्ये आपली गोष्ट आणायची नाही. उद्या पुन्हा भेट झाली की कालचं लक्षात ठेवून पुढचं विचारायचं. समोरच्यावर ढग आलेले दिसले, तर भारे उचलायला दोन हात द्यायचे. याला फार वेळ लागत नाही, स्टेशनच्या जिन्यावरही हे होतं. स्वतःच्या शेतात वर्षातून एकदाच पीक येतं. दुसऱ्याच्या सुखाने सुखी होता आलं, तर कुठल्या ना कुठल्या शेतात रोज कापणी असते. आज कामाला निघताना मनात एखादं नाव धरा, आणि संध्याकाळच्या आत त्या माणसाला त्याच्या पिकाबद्दल विचारा.