अनुभवाची रुजुवात

चीनमधील ताओपंथीय अंतर्साधनेचे जुने ग्रंथ ज्याने आस्थेने चाळले असतील, त्याच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आल्यावाचून राहत नाही. ती ही की, जे ग्रंथ देह, श्वास आणि चित्त यांच्या संस्काराचे इतके सूक्ष्म वर्णन करतात, तेच ग्रंथ वाचकाला केवळ त्यांच्या आधाराने त्या वाटेस लागण्याची सक्त मनाई करतात. चांग बोत्वान याचा १०७५ च्या सुमारास सिद्ध झालेला 'वूचेन फ्येन' हा पद्यग्रंथ या परंपरेत प्रमाण मानला जातो. नानाविध शास्त्रे धुंडाळूनही जे आपल्याला गवसले नाही ते १०६९ मध्ये छंगदू येथे एका गुरूच्या मुखातून लाभले, असे तो प्रस्तावनेत नमूद करतो. आणि पुढे पद्यांतून बजावतो की, मनुष्य कितीही कुशाग्र बुद्धीचा असला तरी खरा गुरू भेटल्यावाचून त्याने या विद्येविषयी तर्क लढवू नयेत. असे असूनही गेल्या शतकभरात या विद्येकडे वळलेल्या असंख्य माणसांना गुरू भेटला नाही, ग्रंथ तेवढा भेटला. आणि मीही त्यांच्यापैकीच एक असल्यामुळे, गुरूवाचून शिकणाऱ्याला नेमके काय उणे पडते आणि ते उणे अन्य मार्गाने भरून निघू शकते का, हा प्रश्न माझ्यापुरता तरी निव्वळ तात्त्विक कुतूहलाचा राहिलेला नाही.

गुरुमुखाचा हा आग्रह विद्या दडवून ठेवण्याच्या वृत्तीतून आला असावा, असे आधुनिक मनाला प्रथम वाटते, आणि त्यात तथ्याचा अंश मुळीच नाही असे म्हणवत नाही; कारण शिसे आणि पारा, व्याघ्र आणि ड्रॅगन, भट्टी आणि मूस अशा किमयेच्या परिभाषेआड मूळ अर्थ झाकण्याची रीत तेथे शतकानुशतके चालत आली. परंतु त्या परिभाषेचा उलगडा झाल्यावरही एक अडचण शिल्लक राहतेच. चित्त नाभीच्या खाली, उदराच्या आत, ज्याला दानत्येन म्हणतात त्या स्थानी ठेवावे, हे पुस्तक सांगू शकते. ते किती घट्ट ठेवावे, श्वासाकडे किती लक्ष पुरवावे आणि कोणत्या क्षणी ते काढून घ्यावे, हे पुस्तकाला सांगता येत नाही, कारण प्रत्येक देहाची प्रकृती निराळी आणि एकाच देहाची अवस्था रोज निराळी. त्या परंपरेत यालाच अग्नीची मात्रा म्हणतात, आणि मुखोपदेशासाठी राखून ठेवलेला भाग मुख्यतः हाच होय.

या संदर्भात ज्या एका माणसाचे चरित्र मला पुन्हापुन्हा वाचावेसे वाटते, तो म्हणजे जियांग वेइछ्याव. च्यांगसू प्रांतातील छांगचौच्या परिसरात १८७३ मध्ये जन्मलेला हा मनुष्य बालपणापासून प्रकृतीने अत्यंत दुबळा होता. तारुण्यात त्याला खोकल्यावाटे रक्त पडू लागले, आणि थोरल्या भावाला क्षयाने ओढून नेलेले त्याने डोळ्यांदेखत पाहिले होते. वांग आंग नावाच्या सतराव्या शतकातील वैद्याने रचलेला औषधयोगांचा एक संग्रह त्याच्या वाचनात आला होता. औषधांच्या त्या जाडजूड ग्रंथाच्या अखेरीस, जेथे औषधावाचून आरोग्य राखण्याचा विचार येतो तेथे, 'लघु परिभ्रमण' या साधनेचे थोडक्यात वर्णन आहे: दानत्येनात स्थिर झालेला प्राण पाठीच्या कण्यातून मस्तकापर्यंत चढवून छातीवाटे पुन्हा उदरात उतरविणे. ज्या वर्षी बॉक्सरांच्या उठावाने पेकिंग हादरले त्याच १९०० या वर्षी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षात असलेल्या जियांगने पत्नीपासून अलग होऊन एका शांत खोलीत मुक्काम केला, दिवसातून अनेक वेळा आसनस्थ होण्याचा नेम धरला, आणि उरलेला वेळ लांबवर पायी हिंडण्यात व लाओत्से-च्वांगत्से यांच्या वाचनात घालविला. प्रथम विचारांची गर्दी आवरेना. आवरू जावे तो ती अधिकच उसळे. तीन महिने पुरे होतात न होतात तोच उदरात उष्णता साठून कंप सुटला, आणि ती उष्णता माकडहाडापासून वर सरकत मस्तकावरून पुढच्या अंगाने खाली उतरली. तेथून पुढे त्याचे दुखणे हटत गेले.

ही हकिकत चमत्कारकथेसारखी सांगता आली असती; सांगणारा कोणी मठातील साधू असता तर तशी ती सांगितलीही गेली असती. पण जियांग हा शांघायच्या 'कमर्शियल प्रेस' या प्रकाशनसंस्थेसाठी शालेय पाठ्यपुस्तके लिहिणारा, प्रजासत्ताकाच्या आरंभी शिक्षणखात्यात काम केलेला मनुष्य होता, आणि मुलांना अक्षरओळख करून देताना लागणारी सुबोधता त्याच्या हाडीमांसी खिळलेली होती. 'यिन-शी-त्से' हे टोपणनाव घेऊन त्याने १९१४ मध्ये शांत बसण्याच्या पद्धतीवर जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात शिसे-पाऱ्याची भाषा बुद्ध्या टाकून दिली, दानत्येनाऐवजी देहाच्या गुरुत्वमध्याचा विचार मांडला, आणि त्या काळी जपानात गाजत असलेल्या ओकादा तोराजिरो यांच्या आसनपद्धतीचाही परामर्श घेतला. पुस्तक हातोहात खपले. इतके की, १९१७ मध्ये व्यायामाचा पुरस्कार करणारा लेख लिहिणाऱ्या माओ त्से-तुंग नावाच्या एका तरुण विद्यार्थ्याला या यिन-शी-त्सेचे नाव घेऊन आपला मतभेद नोंदवावा लागला; विश्वात गतीच तेवढी खरी अशी त्याची धारणा असल्यामुळे निश्चल बसण्याची ही शिकवण त्याला रुचली नाही.

मला या पुस्तकाचे मोल वाटते ते त्याच्या खपामुळे नाही. जियांगने सिद्धांत थोडा आणि कैफियत अधिक लिहिली: अमुक काळ बसलो, अमुक झाले, अमुक झाले नाही. पुढे चार वर्षांनी, १९१८ मध्ये, त्याने दुसरे पुस्तक लिहिले आणि त्यात आपण आता थ्येन्थाय या बौद्ध संप्रदायाच्या शमथ-विपश्यनेच्या पद्धतीकडे वळलो असल्याचे उघडपणे मांडले. लोकप्रिय झालेली आपलीच पद्धत मागे ठेवून दुसरी स्वीकारणे आणि तसे छापून प्रसिद्ध करणे, याला जे धैर्य लागते ते संप्रदाय स्थापन करणाऱ्यांपाशी क्वचितच आढळते. ऐंशी वर्षांचा झाल्यावरही, १९५०नंतरच्या दशकात, त्याने पुन्हा एकदा त्याच अनुभवांचा आढावा घेतला. एका माणसाने स्वतःच्या देहाविषयी सुमारे चाळीस वर्षांच्या अंतराने दिलेली साक्ष आपल्यापुढे आहे, आणि तिच्यातील आधीचे व नंतरचे जबाब कोणालाही ताडून पाहता येतात.

ज्या थ्येन्थाय ग्रंथांकडे तो वळला, त्यांचा कर्ता चीयी (५३८ ते ५९७) हा ताओपंथीय नसला तरी एकट्या साधकाला त्याच्याइतका उपयोगी लेखक मला दुसरा आढळला नाही. श्वासाचे तो चार प्रकार करतो: ज्याचा आवाज कानी येतो तो वारा; आवाज नाही पण जो अडखळतो ती धाप; जो आवाज करीत नाही, अडखळतही नाही, पण अजून सूक्ष्म झालेला नाही तो नुसता वायू; आणि जो असून नसल्यासारखा, अखंड व मृदू वाहतो तोच खरा श्वास. ही वर्गवारी अशी आहे की तिच्यासाठी दुसऱ्या कोणाच्या दाखल्याची गरज पडत नाही. कान आणि थोडा प्रामाणिकपणा एवढ्यावर आपला श्वास कोणत्या जातीचा आहे हे ज्याचे त्याला ठरविता येते. त्याचप्रमाणे बसल्यावर देहात उठणाऱ्या आठ संवेदनांची तो गणना करतो: कंप, खाज, गारवा, ऊब, हलकेपणा, जडपणा, खरखरीतपणा आणि गुळगुळीतपणा. हे सारे घडणारच, त्याने हुरळून जाऊ नये आणि घाबरूही नये, असा त्याच्या विवेचनाचा रोख आहे. जियांगच्या कण्यातून चढलेली उष्णता या तक्त्यात ठेवून पाहिली म्हणजे तिचे तेज उणे होत नाही, पण तिच्याविषयीचा अहंकार मात्र जागच्या जागी विरून जातो.

कारण गुरूवाचून शिकणाऱ्याला खरे उणे पडते ते येथेच. कृती त्याला पुस्तकातून मिळते, नेम तो स्वतःच्या निश्चयाने राखतो. परंतु देहात काही घडले की त्याचा अर्थ लावणारा आणि ज्याला ते घडले तो, असे दोघेही एकच असतात, आणि वादी व न्यायाधीश एकच असलेल्या फिर्यादीचा निकाल काय लागावयाचा हे ठरलेलेच असते. त्यात एकट्या साधकाला उतावीळपणा फार. आपण योग्य वाटेवर आहोत याची खातरजमा करणारे कोणी नसल्यामुळे तो ती खूण देहाकडूनच मागू लागतो, आणि मागितली की देह ती पुरवितोही. मेन्शियसने सांगितलेली सुंग राज्यातील शेतकऱ्याची गोष्ट अंतर्साधनेचे आचार्य सतत आठवीत आले आहेत ती याचसाठी: रोपे लवकर वाढावीत म्हणून त्याने एकेक रोप किंचित वर उपटले, दमून घरी येऊन आज रोपांना वाढायला मदत केली असे अभिमानाने सांगितले, आणि मुलाने शेतात धावत जाऊन पाहिले तो सारी रोपे सुकलेली.

ही केवळ नीतिकथा राहिली नाही. ल्यू ग्वेइचेन या हपेइ प्रांतातील पक्षकार्यकर्त्याने १९४७ नंतर आपले पोटातील व्रण या साधनेने बरे केले आणि जुन्या श्वासविद्यांना 'चीगोंग' या एका नावाखाली आणून तांगशान व बेइदाइहे येथे सरकारी आरोग्यधामांतून त्यांचा प्रयोग चालविला, तेव्हा रुग्णापाशी निदान देखरेख करणारा वैद्य तरी होता. सांस्कृतिक क्रांतीच्या लाटेत ती व्यवस्था बुडाली. आणि १९८०नंतरच्या दशकात बागांतून, क्रीडांगणांतून, पुस्तकांतून हीच विद्या कोट्यवधींच्या हाती पडली ती देखरेखीवाचून. भास, भीती, अंगातून आवरता न येणारी ऊर्जा धावल्याची जाणीव अशा तक्रारी घेऊन माणसे मनोरुग्णालयांत येऊ लागली. चिनी मनोविकारतज्ज्ञांनी त्यासाठी आपल्या वर्गीकरणात स्वतंत्र जागा केली, आणि अमेरिकेतील मनोविकारांच्या अधिकृत सूचीच्या १९९४ च्या आवृत्तीतही चीगोंगजन्य चित्तविक्षेपाची नोंद झाली. जुने लोक ज्याला अग्नीने वाट सोडणे म्हणत होते ते हेच. त्यांची मनाई सर्वस्वी कृपणतेची नव्हती, हे कबूल करणे मला भाग आहे.

तरीही मनाई हाच एक उपाय होता, असे मला वाटत नाही. आणि याला आधार आहे छन यिंगनिंग यांच्या कार्याचा. आन्हवेइ प्रांतात १८८० मध्ये जन्मलेला हा विद्वान जियांगप्रमाणेच तारुण्यात क्षयाने पोळलेला; शांघायच्या श्वेतमेघ मठात राहून त्याने पाच हजारांहून अधिक खंडांचा ताओपंथीय ग्रंथसंग्रह वाचून काढला, आणि १९३३ पासून 'यांगशान' या पाक्षिकातून, वर सांगितलेल्या गूढ परिभाषेचा अर्थ सामान्य वाचकांसाठी खुला करण्यास आरंभ केला. त्या पाक्षिकातील माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा भाग म्हणजे वाचकांची पत्रे आणि त्यांना दिलेली उत्तरे. दूरदूरच्या गावांतील माणसे लिहीत की, मला बसल्यावर असे असे होते, हे बरे की वाईट. आणि छन त्यांना, कोणत्याही दीक्षेची अट न घालता, छापील पानावरून उत्तर देत. एकाचा अनुभव दुसऱ्याच्या अनुभवाशेजारी छापला गेला, की त्याची रुजुवात घालण्याचे काम काही अंशी वाचकच करू लागतो. १९३७ च्या युद्धात हे पाक्षिक बंद पडले, याची मला मनापासून हळहळ वाटते.

मराठी साधकापुढे याखेरीज एक निराळाच मोह उभा असतो. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय ज्याच्या कानांवरून गेला आहे, त्याला कण्यातून चढणाऱ्या उष्णतेचे वर्णन वाचताच कुंडलिनी आठवते आणि दोन्ही एकच असा निवाडा तो तत्काळ देऊन मोकळा होतो. मला हा निवाडा घाईचा वाटतो. नाथपंथीय पंथराजात शक्ती सुषुम्नेने वर चढते ती ब्रह्मरंध्री लीन होण्यासाठी, तेथे पिंडाचा पिंडपणाच ग्रासला जातो. चिनी परिभ्रमणात प्राण मस्तकाशी थांबत नाही, तो पुढच्या अंगाने उतरून पुन्हा नाभीखाली येतो, आणि हे उतरणे चढण्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्वाचे मानलेले आहे. ज्याने ज्ञानेश्वरीचा नकाशा हाती घेऊन चिनी वाट धरली, तो प्राण मस्तकात नेऊन तेथेच कोंडून ठेवण्याचा प्रयत्न करील, आणि डोके जड होणे, झोप उडणे या गोष्टी साक्षात्काराच्या खाती जमा करील. दोन्ही परंपरांविषयी माझ्या मनात सारखाच आदर आहे, म्हणूनच त्या एकमेकींत मिसळू नयेत असे मला वाटते.

माझ्यापुरती तजवीज मी अशी केली आहे की, ज्याची रुजुवात एकट्याला घालता येते तेवढेच एकट्याने करावे. सुंगकाळापासून चालत आलेले 'बादवानचिन' हे उभ्याने करावयाचे आठ व्यायाम, गुडघे किंचित वाकवून स्थिर उभे राहणे, आणि बसल्यावर चीयीच्या चार प्रकारांत आपला श्वास कोठे पडतो ते ऐकणे, इतके माझ्या वाट्याचे. प्राण कण्यातून चढविण्याचा उद्योग मी हेतुपुरस्सर बाजूला ठेवला आहे. अधिकारी मनुष्य समोर बसून पाहू लागेपर्यंत तो तसाच राहील. वहीत मी तारीख, झोप, आहार आणि जे घडले ते साध्या शब्दांत लिहितो, दानत्येन किंवा प्राण हे शब्द त्यात येऊ देत नाही, ऊब वाटली असेल तर ऊब एवढेच लिहितो. आणि झोप बिघडली, छाती धडधडली, तर आसनावर न बसता डॉक्टरांकडे जावे, हा दंडक मी स्वतःवर घालून घेतला आहे.

जियांग पुढे ८५ वर्षांचे आयुष्य भोगून १९५८ मध्ये वारला. त्याचा क्षय शांत बसण्याने बरा झाला, की संसारातून अलग होऊन घेतलेली विश्रांती, मोकळ्या हवेतील लांब फेऱ्या आणि नेमस्त दिनचर्या यांनी, याचा निर्णय आज कोणी देऊ शकणार नाही. क्षयावर रामबाण औषध नसलेल्या त्या काळात युरोपातील आरोग्यधामेही रुग्णाला याहून फारसे निराळे काही देत नव्हती. परंतु ही शंका आपल्याला घेता येते ती केवळ त्याने आपली दिनचर्या, आपले हिंडणे आणि आपले वाचन, हे सारे साधनेच्या शेजारी लिहून ठेवले म्हणून. आपल्या विरुद्ध जाऊ शकेल असा पुरावाही त्याने दप्तरातून काढून टाकला नाही.