दांडीवर वाळणारा टॉवेल

गणपती पंधरा दिवसांवर आले की कोकणातल्या घरांत गाद्या, पांघरुणं आणि टॉवेल यांची मोजदाद सुरू होते. मुंबईहून चाकरमानी येणार, त्यांची मुलंबाळं येणार. चार टॉवेल तरी नवे लागतील म्हणून आपण रत्नागिरीच्या रामआळीत खरेदीला जातो. तिथे हात आपसूक जातो तो जाड, गुबगुबीत टॉवेलाकडे. गालाला लावून बघतो आणि बांधून घेतो. रत्नागिरीत राहणाऱ्याने हा टॉवेल घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

टॉवेलाचं अर्धंच काम आपल्या अंगावर होतं. उरलेलं अर्धं दांडीवर होतं आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं. टिपलेलं पाणी हवेला देऊन टाकायचं आणि दुसऱ्या सकाळी कोरडं होऊन पुन्हा हाताशी यायचं, हा त्याचा रोजचा क्रम. जे घेतलं ते सोडता आलं नाही, तर उद्या घ्यायला जागा उरत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या गावात हे सोडणंच अवघड होऊन बसतं. कापूस मुळातच ओल धरणारा. हवा बरी असतानाही, हाताला कोरड्या लागणाऱ्या सुती कापडात वजनाच्या सात-आठ टक्के पाणी असतंच. आषाढ-श्रावणात ते आणखी वाढतं.

जरा हिशेब करून बघा. टॉवेलाची जाडी जीएसएममध्ये, म्हणजे चौरस मीटरमागे किती ग्रॅम यावर मोजतात. अंघोळीचा ७५ सेंटिमीटर रुंद आणि १५० सेंटिमीटर लांब टॉवेल ६०० जीएसएमचा असेल तर कोरडाच पावणेसातशे ग्रॅम भरतो. तेवढाच टॉवेल ३०० ते ३५० जीएसएमचा घेतला तर वजन जवळजवळ निम्म्यावर येतं. एका माणसाचं अंग पुसायला तो पुरतो आणि पडवीत, पंख्याखाली, लवकर वाळतो. जाड टॉवेल वरून सुका वाटतो, पण आत दमटच राहतो. मग तो कुबट वास येतो. तो वास ओलीत वाढणाऱ्या जीवाणूंचा असतो. वरून अत्तर शिंपडून तो जात नाही.

विकत घेताना टॉवेल उजेडाकडे धरून बघावा. टॉवेलाच्या टेरी, म्हणजे फाशांच्या कापडात ताण्याचे धागे दोन प्रकारचे असतात. एक संच ताणून बसवलेला, दुसरा सैल सोडलेला. त्या सैल धाग्यांचे बारीक फासे कापडाच्या दोन्ही अंगांना उभे राहतात आणि पाणी टिपतात ते हेच. फासे दाट आणि एकसारखे हवेत, काठाची शिवण दुहेरी हवी. एखादा फासा ओढला गेला तर तो खेचू नये, कात्रीने कापून टाकावा. त्याने वीण उसवत नाही. असा टॉवेल शोधायला फार लांब जायला नको. सोलापूरच्या टेरी टॉवेलाला तिथल्या चादरीप्रमाणेच भौगोलिक मानांकन आहे. पिढ्यान्‌पिढ्या मागावर बसलेल्या पद्मशाली विणकरांचं कसब त्यामागे आहे. आपल्याच राज्यात इतका चांगला माल होत असताना नुसत्या मऊपणाला भुलायचं कशाला?

शिवाय दुकानातला तो मऊपणा पुष्कळदा वरून चढवलेला असतो. म्हणून नवा टॉवेल आधी एकदा-दोनदा धुवावा आणि मगच वापरायला काढावा. साबणाची पूड नेहमीपेक्षा कमीच घालावी आणि भरपूर पाण्यात खळबळून काढावा. फॅब्रिक कंडिशनर टॉवेलाला लावूच नये. त्याचा पातळ थर धाग्यावर बसतो आणि टॉवेल पाणी टिपायचं सोडून ते अंगावर नुसतं फिरवतो. पिळल्यावर दोन झटके देऊन वाळत घातला की फासे मोकळे होतात. उघडीप मिळाली की तासभर का होईना, उन्हात टाकावा.

पूर्वी पावसाळ्यात निखाऱ्यांच्या शेगडीवर बांबूची टोपली पालथी घालून घरातल्या बायका त्यावर बाळाची दुपटी सुकवत. घरातली मोठी माणसं मात्र पातळ पंचाच वापरत. तो पिळून दांडीवर टाकला की दुपारपर्यंत वाळायचा. त्या बायकांनी जीएसएम हा शब्द कधी ऐकला नव्हता, पण इथल्या हवेला काय झेपतं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. मला त्यांच्या त्या जाणतेपणाचं फार मोल वाटतं. चांगला पंचा आजही घरात असावा.

आता पुन्हा गणपतीकडे. भरल्या घरात न्हाणीघराबाहेर एकच ओला टॉवेल लटकत असतो आणि येणारा-जाणारा त्यालाच अंग पुसतो. गजकर्ण पसरतं ते अशाच टॉवेलांतून आणि दमट दिवसांत ते लवकर बरं होत नाही. मुलांना तर फारच त्रास होतो. तेव्हा यंदा दोन जाड टॉवेलांच्या पैशांत चार पातळ घ्या. आठवडाभर आधी धुऊन ठेवा. आलेल्या प्रत्येकाच्या हाती त्याचा स्वतःचा टॉवेल द्या आणि तो वाळत घालायची जागाही दाखवून ठेवा.